भावासमोर न म्हणायचं गाणं

आमचे साहेब पान उलटायच्या आधी बोट जिभेला लावायचे. नुसतं टेकवायचे नाहीत, चांगलं ओलं करायचे. मग ते बोट प्रूफच्या कोपऱ्यावर, आणि तो भिजलेला कोपरा घेऊन पान माझ्या टेबलावर. मी ते पेनच्या टोपणाने पुढे ओढून घ्यायचे. तांजोंग पगारमधल्या एका जुन्या दुकानघराच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं, आणि दोन हजार दहानंतरची माझी काही चांगली वर्षं तिथे दुसऱ्याच्या थुंकीने ओले झालेले धडे तपासण्यात गेली. मी स्वभावाने नाक मुरडणारी आहे हे आधीच सांगून टाकते. माझा नवरा म्हणतो, ही देवाचा प्रसादही वास घेतल्याशिवाय खात नाही. पण पुढे जे सांगणार आहे त्यात माझ्या नाकाचा दोष नाही.

साहेब पुण्याचे. सिंगापूरच्या मराठी मंडळात त्यांना मोठा मान. गणपतीत निवेदन त्यांचं, दिवाळी पहाटेला सूत्रसंचालन त्यांचं. गाणं सुरू झालं की डोळे मिटून मान डोलवायचे आणि संपलं की सगळ्यांत आधी "वा!" म्हणायचे. मग एक डोळा किलकिला करून बघायचे, बाकीचेही म्हणतायत ना. 'संस्कृती' हा शब्द ते तोंडात पेढा असल्यासारखा घोळवायचे. मी डोंबिवलीची, नवरा जहाजावर इंजिनिअर, घर आंग मो किओला भाड्याच्या फ्लॅटमध्ये, मुलगी तिथल्याच शाळेत. दिवसभर त्यांच्या हाताखाली आणि शनिवार-रविवारी त्यांच्याच निवेदनाखाली, असं माझं चाललं होतं.

कंपनी छोटी, शाळांसाठी इंग्रजीची पुस्तकं काढणारी. त्या सुमारास एक नवं काम आलं. तिबेटी आणि मंगोल लोकजीवनावरची द्वैभाषिक वाचनमाला. डाव्या पानावर तिबेटी, उजव्या पानावर इंग्रजी, खाली शब्दार्थ आणि 'रिकाम्या जागा भरा', शिवाय ऐकायला एक सीडी. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेने समाजकार्य म्हणून खर्च उचलला होता. पुस्तकं चीनच्या छिंगहाय प्रांतातल्या गवताळ पठारावर जायची होती, तिथल्या खेड्यांमधल्या शाळांना, फुकट.

हे सगळं जिच्या जिवावर चाललं होतं ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. त्याच पठारावरची मुलगी. वडील तिबेटी, आई मंगोल घराण्यातली. तिकडे दोन्ही जमातींचे तंबू एकाच माळावर पडतात आणि सोयरिकीही होतात. शिकायला सिंगापूरला आली, शिक्षण झाल्यावर एम्प्लॉयमेंट पासवर आमच्याकडे लागली. उंच, हसरी, गालांवर थंडीने भाजल्याचे जुने लाल डाग. जेवायला आम्ही दोघी रोज खालच्या हॉकर सेंटरला, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, जायचो. तिथेच तिने मला सांगितलं होतं की तिच्या पहिल्या इंग्रजी पुस्तकात एक मुलगा लिफ्टने खाली जातो आणि बेकरीतून ब्रेड आणतो.

"लिफ्ट म्हणजे काय, बेकरी म्हणजे काय, आमच्या सरांनाही माहीत नव्हतं," ती म्हणाली. "आम्ही नुसतं पाठ केलं. मला वाटायचं इंग्रजी ही भाषा फक्त लिफ्टवाल्यांसाठी आहे."

आपल्या गावच्या पोरांना इंग्रजी पुस्तकात एकदा तरी आपलं घर दिसावं, एवढंच तिला हवं होतं. म्हणून तिने जीव ओतून धडे लिहिले. लोकरीचा नमदा कसा लाटतात, सातूचं पीठ लोण्याच्या चहात कसं मळतात. मंगोल तंबूपाशी गेल्यावर दार वाजवत नाहीत, लांबूनच "कुत्रा धरा!" म्हणून ओरडतात, कारण तिकडचे कुत्रे वासराएवढे असतात आणि परक्याला फाडून काढतात. उंबऱ्यावर पाय देत नाहीत. दुधाच्या चहाचा पहिला घोट आकाशाकडे शिंपडतात. एकेक धडा वाचताना मला वाटायचं, हे किती आपल्यासारखं आहे आणि किती वेगळं.

आणि मग तो धडा साहेबांकडे जायचा.

चुलीच्या धड्यात चित्रकाराने शेण्या काढल्या होत्या. याकच्या शेणाच्या, वाळवून रचलेल्या. त्या माळावर जळण म्हणून तेच असतं. साहेबांनी शेण्यांवर फुली मारली. "लहान मुलांच्या पुस्तकात शेण नको. बँकेच्या लोकांना काय वाटेल?" शेण्यांच्या जागी ओंडके आले. जिथे नजर जाईल तिथवर एक झाड नाही, तिथल्या चुलीत सुरेख सोललेले ओंडके. ज्या माणसाने स्वतःच्या आजोळी भिंतभर थापलेल्या गोवऱ्या पाहिल्या असणार, त्याला शेणाची लाज वाटत होती. मेंढीच्या शेपटीची चरबी पाहुण्याला मानाने देतात, त्याचं 'पौष्टिक खाऊ' झालं. ती प्रत्येक वेळी भांडायची, हरायची, आणि दुसऱ्या दिवशी पुढचा धडा घेऊन यायची. पुस्तकं गावाला पोचली पाहिजेत, बाकी चालेल, असं तिचं म्हणणं. मला मात्र साहेबांचा उबग येत चालला होता.

सीडीसाठी तिने एक जुनं मेमरी कार्ड आणलं. कॉलेजात असताना सुट्टीत गावाकडे जाऊन केलेली रेकॉर्डिंग्ज. याकची धार काढतानाचं गाणं, पिल्लाला जवळ न करणाऱ्या मेंढीला गोंजारून म्हणतात ते गाणं, अशी बरीच. वाऱ्याचा आवाज काढून टाकायला कार्ड आवाजवाल्याकडे द्यायचं होतं. देताना तिने साहेबांना बजावलं होतं, माझ्यादेखत, की यात एक गाणं खाजगी आहे, ते वापरायचं नाही, ऐकायचंही नाही. साहेबांनी डोळे मिटून मान हलवली होती.

पुढच्या आठवड्यात प्रूफं आली तेव्हा पहिल्याच पुस्तकात साहेबांनी स्वतः रचलेला एक नवा धडा होता. शीर्षक, 'आमच्या घरचं गाणं'. चित्रात तंबू, आई, बाबा, भाऊ, बहीण, सगळे हात धरून गात आहेत आणि पुढ्यात जीभ बाहेर काढलेला एक गुबगुबीत कुत्रा हसतो आहे. इंग्रजी ओळी होत्या, 'ये रे ये मित्रा, आमचा कुत्रा प्रेमळ आहे'. शब्दार्थ: कुत्रा, मित्र, ये. आणि खाली उपक्रम: 'हे गाणं आपल्या बाबांना आणि भावाला म्हणून दाखवा.'

आमच्याकडे नवीन धडा घरच्या मुलांवर करून बघायची पद्धत होती. त्या संध्याकाळी मी तो लेकीपुढे ठेवला. तिने सगळं पटापट सोडवलं आणि शेवटच्या ओळीशी अडली. तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बट आय गॉट नो ब्रदर, हाऊ? बाबा ऑल्सो ऑन द शिप." मग स्वतःच म्हणाली, "नेव्हर माइंड, आय सिंग टू यू, लाह." मला ते गमतीचं वाटलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवायला गेल्यावर मी तो किस्सा माझ्या पठारावरच्या मैत्रिणीला सांगितला आणि कागद पुढे केला.

तिचा हात तसाच थांबला. चमच्यातला भात खाली सांडला. गालांवरचे ते लाल डाग तेवढे उरले, बाकी चेहरा पांढरा पडला.

"हे कुठून आलं?" तिने विचारलं.

मग तिने मला जे सांगितलं ते असं. तिच्याकडे प्रेमाच्या गाण्यांना 'लाये' म्हणतात. ती माळावर म्हणायची, गुरांमागे, खिंडीत, मित्रमैत्रिणींच्या जत्रेत. तंबूत म्हणायची नाहीत. घरातल्या माणसांसमोर तर कधीच नाहीत. आणि बहिणीने भावासमोर किंवा भावाने बहिणीसमोर लाये म्हणणं, नुसतं ऐकणं, याच्याइतकी मोठी शरम तिकडे दुसरी नाही. जत्रेत लाये सुरू झाली आणि गर्दीत चुलत का होईना बहीण दिसली, की भाऊ मुकाट्याने उठून निघून जातो. रेडिओवर लागली तर जो जवळ असेल तो झडप घालून बंद करतो. आणि या धड्यातली लाये म्हणजे कार्डावरचं तेच खाजगी गाणं होतं, तिच्याच आवाजातलं. एकोणीस वर्षांची असताना, माळावर एकटी असताना, मैत्रिणीने रेकॉर्ड केलेली.

"त्यात प्रेमळ कुत्रा नाही," ती खाली बघत म्हणाली. "त्यात मुलगी म्हणते, आज रात्री मी कुत्रं बांधून ठेवीन. तू वाऱ्याच्या उलट बाजूने ये, म्हणजे त्याला तुझा वास येणार नाही."

मला एकदम चित्रातले ते हात धरून गाणारे आईबाबा आठवले.

मला हे समजायला काहीच जड गेलं नाही. आमच्या कोकणातल्या गावी शिमग्याला होळीपुढे पुरुष जे ओरडतात, ते त्या रात्री देवाचं असतं. दुसऱ्या दिवशी अंगणात तोच शब्द काढला तर थोबाड फुटेल. गोष्ट वाईट नसते, तिची जागा असते. एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. साहेबांना कळेल असं मला वाटलं, कारण संस्कृती संस्कृती म्हणून ज्याचा घसा सुकत नाही त्याला एवढं तरी कळायला हवं.

आम्ही दोघी त्यांच्या केबिनमध्ये गेलो.

"सर, हा धडा काढावा लागेल," मी म्हटलं.

"का? मालेतला सगळ्यांत गोड धडा आहे हा."

मी सगळं सांगितलं, मराठीत. ती शेजारी उभी राहिली, हाताची बोटं एकमेकांत अडकवून. साहेब ऐकताना हसत होते.

"अहो, प्रेमगीतच ना ते? आपण नाही का ऐकत सहकुटुंब? माझी बहीण तर माझ्यासमोर गाते, मंडळात."

"सर, शिमग्याला होळीपुढे जे ओरडतात ते तुम्ही राखी बांधताना बहिणीसमोर म्हणाल का?"

ते दचकले. "कुठल्या कुठे नेताय तुम्ही! कुठे शिमगा, कुठे हे कोवळं गाणं!" मग तिच्याकडे वळून, मान तिरकी करून, इंग्रजीत म्हणाले, "तुझी ही लाज आहे ना, ती फार सुंदर आहे. अस्सल आहे. आजकाल मुलींमध्ये बघायला मिळत नाही."

मला शिसारी आली. माणूस कळवळून काही सांगतोय आणि समोरचा त्याच्या कळवळ्याची चव घेतोय. त्यांचे ओठ ओले होते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले, नाहीतर काहीतरी बोलून बसले असते.

पण त्यांनी ऐकलं. लाल पेन काढलं आणि त्या धड्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काट मारली. "झालं समाधान?" ती इतक्यांदा "थँक यू" म्हणाली की मलाच कसंतरी झालं. छापून आलेल्या पुस्तकात तो धडा खरंच नव्हता, आणि सीडीतही नव्हता. मी दोन्ही तपासलं.

मग प्रकाशन समारंभ ठरला. साहेबांनी बँकेच्या लोकांना एक कल्पना सांगितली आणि त्यांनी ती उचलून धरली: तिकडचा खराखुरा माणूस आणू या. तिचा मोठा भाऊच आणू या.

ती हरखली. वडील लवकर गेलेले, आई आजारी, तिला या भावानेच वाढवलं होतं. शाळा लांब होती तर घोड्यावर पुढ्यात बसवून न्यायचा, हिवाळ्यात तिचे पाय स्वतःच्या अंगरख्यात घ्यायचा. स्वतः शाळा सोडून गुरांमागे गेला आणि तिला शिकवलं. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि ती ऑफिसात सोमवारी त्याच्या गप्पा मला सांगायची: कुठली घोडी व्याली, कोणाचं लग्न ठरलं, आणि तू जाड झालीस की नाही. पासपोर्टसाठी त्याने कचेरीत किती खेपा घातल्या असतील त्याची गणती नाही. शेवटी तो आला. चांगी विमानतळावर मेंढीच्या कातड्याची किनार असलेला जाड अंगरखा घालून उतरला, घामाने निथळत. बहिणीला बघितल्यावर त्याने तिच्या डोक्यावर एक टप्पल मारली आणि दोघं हसायला लागली. मी बाजूला उभी होते. मला इतकं बरं वाटलं.

समारंभ एका क्लबच्या हॉलमध्ये होता. बँकेचे लोक, काही शिक्षक, मंडळातले आमचे निम्मे लोक. भाऊ पहिल्या रांगेत, मधोमध, अंगरख्याची लांब बाही मांडीवर नीट घडी घालून. ती व्यासपीठावर, हातात पुस्तक. तिने छान सांगितलं. लिफ्टची आणि बेकरीची गोष्ट सांगितली, लोक हसले. भावाला इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण लोक हसले की तोही हसायचा आणि आजूबाजूला बघायचा, जणू सगळ्यांना सांगत होता, ही माझी.

मग साहेबांनी माइक घेतला. "आता एक सरप्राइज," ते म्हणाले. "पुस्तकात आम्हाला जे घेता आलं नाही, ते आज इथे. भावाबहिणीच्या नात्याला माझी भेट." आणि त्यांनी मागे लॅपटॉपवाल्याला खूण केली.

आधी वारा ऐकू आला. वाऱ्याचा आवाज काढून टाकलेला नव्हता. आणि मग तिचा आवाज, कोवळा, उंच, मोकळा. माझ्या आयुष्यात मी इतका सुंदर आवाज फार कमी वेळा ऐकला असेल, आणि तो ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती व्यासपीठावर दगड झाली. पुस्तक तोंडासमोर धरलं तिने. भावाने पहिल्या दोन सुरांत आवाज ओळखला असणार. तो क्षणभर तसाच बसला, मग उठला. कोणाकडेही न बघता, अंगरखा सावरत, मधल्या वाटेने सरळ दाराकडे चालत गेला आणि बाहेर पडला. मागे टाळ्या सुरू झाल्या. खरंच, टाळ्या! लोकांना वाटलं भावनावेग झाला त्याला. बँकेच्या एक बाई रुमालाने डोळे टिपत होत्या. साहेबांचे डोळे मिटलेले, मान डोलत होती.

मी मागे गेले आणि लॅपटॉपची वायर ओढून काढली. साहेब माइकवरून म्हणाले, "काहीतरी टेक्निकल प्रॉब्लेम दिसतोय." त्यांना माहीत होतं. हीच गोष्ट मला अजून गिळता येत नाही. न कळून केलं असतं तर मूर्ख म्हणून सोडून दिलं असतं. या माणसाने आमचं सगळं ऐकून घेतलं होतं, लाल पेनने काट मारली होती, आणि मग 'यांना एवढी लाज वाटते, म्हणजे स्टेजवर किती बहार येईल' असा हिशोब केला होता.

ती मागच्या दाराने निघून गेली होती. मी तिला जिन्यात गाठलं. ती रडत नव्हती. नुसती विचारत होती, "तो कुठे आहे? तो कुठे आहे?"

तो क्लबच्या खालच्या हॉकर सेंटरमध्ये होता. एका टेबलाशी बसलेला, समोर मटण सूपचा बोल. मासे त्याच्या घशाखाली उतरत नसत, पण ते सूप त्याला पहिल्याच दिवशी आवडलं होतं. आम्हाला बघून त्याने हात केला. ती पाय ओढत टेबलापाशी गेली. तो तिच्याशी तिबेटीत काहीतरी बोलला, अगदी सहज, बोलमध्ये बघत. तिने मान वर केली. तिचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, तुझं भाषण झाल्यावर मला फार भूक लागली, म्हणून मी लगेच खाली आलो. पुढचं काही बघायचं राहिलं. काय झालं वरती?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, काही नाही. भाषणंच भाषणं."

मी त्या माणसाकडे बघितलं. तो अगदी मन लावून हाड चोखत होता. पहिल्या रांगेत मधोमध बसलेल्या माणसाने सरळ सांगून टाकलं होतं की मी तिथे नव्हतो, आणि तिने ते घेतलं होतं. दोघांनाही ठाऊक होतं की हे खोटं आहे. पण एकदा तो म्हणाला आणि ती 'बरं' म्हणाली की झालं, त्याने ऐकलंच नाही. ते गाणं माळावरचं माळावर राहिलं. पुन्हा घरी जाता येणार होतं, पुन्हा फोन होणार होते. तो तिला तिच्या वाटणीचं मटण काढून देऊ लागला. काहीतरी चेष्टा केली, ती हसली. मीही सूप मागवलं. ज्या दिवसाची घाण वाटत होती त्यात हे एवढं स्वच्छ काहीतरी निघालं, म्हणून मला भरून आलं होतं.

तेवढ्यात साहेब आले. मागे मंडळातले दोघंतिघं. सगळे खुशीत.

"अरे, इथे लपलात होय! सगळे शोधतायत." त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला म्हणाले, "त्याला सांग, त्याने हॉल जिंकला."

ती घाईघाईने म्हणाली, "सर, तो तेव्हा तिथे नव्हता. तो आधीच खाली आला होता."

"नव्हता? अगं, समोरच तर होता!" साहेब हसले. त्यांनी खिशातून फोन काढला. "हे बघ, मी सगळं शूट करायला सांगितलं होतं."

मी म्हटलं, "सर, नको. आत ठेवा तो." मराठीत म्हटलं, जेवढं कडक म्हणता येईल तेवढं. ते फोनवर अंगठा फिरवत होते. मी हात पुढे करून फोनवर पंजाच ठेवला. त्यांनी माझा हात बाजूला केला, प्रेमाने, एखाद्या अडाण्याला समजवावं तसा, आणि फोन भावाच्या तोंडासमोर धरला. आवाज पूर्ण मोठा केलेला. मी पुन्हा हात ठेवला, तर माझ्या बोटांमधून तिचा आवाज येत राहिला. स्क्रीनवर तो स्वतःला दिसत होता: पहिल्या रांगेत, मधोमध, ऐकत असलेला.

त्याने हातातलं हाड बोलमध्ये ठेवलं. बाहीला हात पुसले. तो उठला आणि जिथे उष्टे ट्रे ठेवतात त्या रॅकपाशी जाऊन, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. ती टेबलाकडे बघत बसली. मंडळातल्या कोणीतरी म्हटलं, "अंगावर काटा आला हो." साहेब म्हणाले, "बघा, अजून सावरला नाहीये तो."

मी साहेबांना त्या सगळ्या लोकांसमोर म्हटलं, "तुमची मला किळस येते." चांगलं मोठ्याने म्हटलं. शेजारच्या टेबलावरच्यांना मराठी येत नव्हतं, तरी त्यांनी वळून बघितलं. साहेबांना क्षणभर कळेना, मग ते मंडळातल्यांकडे बघून म्हणाले, "यांना घरी सोडा कोणीतरी. दिवसभर दगदग झाली आहे." त्या रात्री तो व्हिडिओ मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला. खाली हात जोडलेले, हृदयं, डोळ्यांत पाणी. मी ग्रुप सोडला. नोकरी महिनाभराने सोडली, आणि सोडली त्या दिवशी घरी येऊन आधी साबणाने हात धुतले.

भाऊ उरलेले दिवस तिच्याच खोलीवर राहिला. कामापुरतं बोलला. विमानतळावर मला त्याने दोन्ही हातांनी पांढरा रेशमी पट्टा दिला, त्यांच्याकडे मानाने देतात तसा. तिला तसाच पट्टा दिला, मान खाली घालून, परक्या बाईला द्यावा तसा. टप्पल मारली नाही.

"तो रागावला नाहीये," परतीच्या मेट्रोत ती मला म्हणाली. "रागावला असता तर बरं झालं असतं. त्याला माझ्यासमोर यायची शरम वाटते. मलाही वाटते. त्याने वाट काढली होती, गं. मी त्या वाटेवर आलेही होते."

पुस्तकं जाईपर्यंत ती त्या ऑफिसात राहिली, मग दुसरीकडे लागली. पुस्तकं पोचली. तिच्या गावच्या शाळेतून फोटो आला. पोरांच्या हातात पुस्तक, उघडलेल्या पानावर तंबू आणि चुलीत ओंडके. तिने तो फोटो मला दाखवला आणि लगेच फोन बंद केला.

आता रविवारी ती आंग मो किओला माझ्याकडे जेवायला असते. जेवण होता होता तिचा फोन वाजतो. पूर्वी या वेळेला भावाचा यायचा, आता वहिनीचा येतो. घोडी, लग्नं, हवा, सगळ्या बातम्या वहिनी सांगते. ती ऐकते, मग विचारते, तो कुठे आहे. वहिनी म्हणते, गुरांकडे गेलाय. तिकडे फोनपाशीच कोणीतरी पुरुष खोकतो.

"आला की सांग त्याला," ती म्हणते, जरा मोठ्याने, "मी बरी आहे."